वचनाचे मनन आणि धीर : मराठी ख्रिस्ती इतिहासातील तीन साक्षी

उज्जैन येथे काही दिवस राहण्याचा योग आम्हांस आला होता. पहाटे क्षिप्रेच्या रामघाटावर गेले असता स्नान उरकून पायऱ्यांवर बसलेली माणसे दृष्टीस पडत. कोणी स्तोत्र म्हणत असे, कोणी नाम घेत असे, कोणी पोथी मिटूनच तिचा पाठ करीत असे. आवाज कोणाचाच मोठा नसे. ओठ मात्र सर्वांचे हलत असत. सांदीपनींच्या आश्रमाची परंपरा सांगणाऱ्या या नगरीत विद्या ही प्रथम मुखात राहते व मग ग्रंथात उतरते, ही जाणीव अजून जिवंत आहे.

या नगरीचा मराठीशी असलेला संबंधही जुना आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंदे यांनी माळव्यातील आपले ठाणे येथे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी आपला मुक्काम ग्वाल्हेरीस हलविला, तोपर्यंत शिंद्यांची राजधानी उज्जैन हीच होती. शिलेदार, कारकून व भिक्षुक यांच्यामागोमाग मराठी भाषा येथे आली आणि काही घरांतून ती आजही बोलली जाते. ख्रिस्ती सुवार्तेचे संघटित कार्य येथे बरेच उशिरा आले. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे मिशन १८७७ मध्ये इंदूर व महू येथे स्थिरावले व पुढील दशकात उज्जैनपर्यंत पोहोचले. डॉ. जॉन ब्युकॅनन हे भिल्लांच्या प्रदेशात अमखुट येथे जाण्यापूर्वी याच नगरीत सेवा करीत होते. पुढे १९६८ मध्ये सिरो-मलबार मंडळीने उज्जैनसाठी स्वतंत्र प्रशासकीय क्षेत्र निर्माण केले व १९७७ मध्ये त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. या सर्व कार्याची भाषा मुख्यतः हिंदी होती. यामुळे उज्जैनमधील मराठी ख्रिस्ती कुटुंबाची प्रार्थना उपासनामंदिरात एका भाषेत व घरात दुसऱ्या भाषेत चालावी, हे स्वाभाविकच आहे.

अशाच एका घरी आम्ही उतरलो होतो. घरातील आजीबाईंची दृष्टी गेली होती. रात्री दिवे मालविल्यावर त्या अंथरुणावर बसून हलक्या आवाजात मराठी स्तोत्रे म्हणत. नातवंडांना ती नीट कळत नसत. आम्ही त्यांस याविषयी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "डोळे गेले, पण तोंडात आहे तेवढं पुरतं. पाठ केलं तेव्हा फारसं समजलं नव्हतं. ते गेल्यावर समजायला लागलं." 'ते' म्हणजे त्यांचे यजमान, हे सांगावयास नकोच.

घाटावरील पुटपुट आणि या माउलीची पुटपुट कानांस सारखीच वाटत होती. मग दोहोंत भेद तो कोणता? मुखात राहिलेले वचन संकटात माणसास धीर देते, ते कोणत्या रीतीने? उज्जैनमध्ये उद्भवलेल्या या प्रश्नाचे उत्तर आम्ही आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात शोधू लागलो. त्या शोधात ज्या तीन साक्षी आम्हांस विशेष बोलक्या वाटल्या त्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१. दोन शब्द

साक्षींकडे वळण्यापूर्वी 'मनन' व 'धीर' या दोन शब्दांचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

पहिल्या स्तोत्रात धन्य मनुष्य परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो असे वर्णन आहे. तेथे मूळ इब्री क्रियापद 'हागा' हे आहे. या शब्दाचा संबंध ध्वनीशी आहे. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी हेच क्रियापद येते. अडतिसाव्या अध्यायात दुखण्याने खचलेला हिज्कीया राजा पारव्यासारखा घुमतो तेथेही तेच येते. मोशेनंतर यहोशवाच्या खांद्यावर लोकांचा भार आला, तेव्हा त्यास मिळालेली आज्ञाही हीच की, नियमशास्त्र त्याच्या मुखातून ढळू नये. तेव्हा बायबलमधील मनन हे डोळे मिटून केलेल्या निःशब्द चिंतनापेक्षा काहीसे वेगळे आहे. ते ओठांनी केलेले, कानांनी ऐकलेले, पुनःपुन्हा घोळविलेले असे आहे. त्यात सिंहाची तृप्ती आहे, तसा पारव्याचा विलापही आहे.

आमच्या भाषांतरकारांनी यासाठी जो शब्द घेतला तो श्रवण, मनन व निदिध्यासन या भारतीय परंपरेतील त्रयीमधला. ऐकलेल्या गोष्टीचा बुद्धीने विचार करून शंका दूर करणे हा तेथे मननाचा अर्थ आहे. इब्री शब्द मुखाकडे बोट दाखवितो व मराठी शब्द मनाकडे. मुख व मन यांची फारकत झाली म्हणजे काय होते, हे पुढे दिसेलच.

'धीर' हा शब्द नव्या करारात प्रामुख्याने 'हुपोमोने' या ग्रीक शब्दासाठी येतो. त्याचा धात्वर्थ 'खाली राहणे' असा आहे. ओझे पाठीवर आले असता त्याखालून पळून न जाणे, असे त्याचे चित्र आहे. पौल रोमकरांस लिहिताना क्लेशातून धीर, धीरातून पारखलेले शील व शीलातून आशा अशी मालिका मांडतो. आणि त्याच पत्राच्या पंधराव्या अध्यायात या धीराचा संबंध शास्त्रलेखांशी जोडतो. त्या अध्यायाचा आरंभ सशक्तांनी अशक्तांचा भार वाहण्याच्या उपदेशाने झाला आहे, हेही ध्यानी ठेवण्याजोगे आहे. शास्त्रातून येणारा धीर दुसऱ्याचे ओझे उचलण्यासाठी दिलेला आहे.

प्रभूच्या जीवनात हे दोन्ही शब्द एकत्र येतात. अरण्यात परीक्षा झाली तेव्हा त्याने दिलेली तिन्ही उत्तरे अनुवादाच्या पुस्तकातील होती. वधस्तंभावर यातनांच्या परमावधीस त्याच्या मुखातून निघालेले उद्गार बाविसाव्या व एकतिसाव्या स्तोत्रांतले होते. बालपणापासून सभास्थानात व घरात जे मुखी बसले होते, ते मरणकाळी कामास आले.

२. पहिली साक्ष : क्रिस्तपुराण

मराठी ओवीत बायबलची कथा प्रथम सविस्तर गाइली ती फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. तो १५७९ मध्ये गोव्यास आला व १६१९ मध्ये मरण पावला. त्याचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले व पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा मुद्रित झाले. पहिल्या पुराणात जुन्या करारातील कथा व दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र अशी त्याची रचना असून ओव्यांची संख्या जवळजवळ अकरा हजार आहे. नवख्रिस्ती लोकांस त्यांची पूर्वीची पुराणे दुरावली होती आणि त्या जागी हाती काहीच आले नव्हते. ही उणीव भरून काढण्याचा तो यत्न होता.

या ग्रंथाचे पुढील प्रारब्ध आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढून स्थानिक भाषेचा वापर टाकावा असे फर्माविले. देशी भाषांतील धर्मवाङ्मयास हा काळ प्रतिकूल होता. क्रिस्तपुराणाच्या त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोव्यातून कानडा किनाऱ्याकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या नकला केल्या, रविवारी व उपवासकाळात तो मोठ्याने वाचला, आणि एका पिढीने दुसरीच्या हाती सोपविला. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे जी आवृत्ती प्रसिद्ध केली, ती अशा हस्तलिखितांवरच आधारलेली होती.

या लोकांवर १७८४ मध्ये मोठे अरिष्ट कोसळले. टिपू सुलतानाने कानडातील ख्रिस्ती समाजास कैद करून श्रीरंगपट्टणास नेले. १७९९ मध्ये टिपूचा पाडाव होईपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा वर्षे, त्यांचा बंदिवास चालला. वाटेत व बंदिवासात पुष्कळ माणसे मृत्यू पावली. देवळे पाडली गेली होती व उपासना बंद पडली होती. अशा स्थितीत क्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी त्या लोकांस धीर दिला व त्यांची श्रद्धा टिकविली, अशी परंपरा त्या समाजात चालत आलेली आहे. बाबेलच्या बंदिवासाची कथा ज्यांनी स्वतःच्या भाषेत ऐकली होती, त्यांस आपल्या बंदिवासात ती कथा अनोळखी वाटली नसेल, असे आम्हांस वाटते.

येथे एक गोष्ट लक्षात येते. हाती पवित्र शास्त्राचे भाषांतर नसतानाही या मंडळीस शास्त्र लाभले, कारण ते ओवीच्या रूपाने मुखात बसू शकले. छापील प्रती नाहीशा करता आल्या, देऊळ पाडता आले; परंतु जात्यावर व कीर्तनात रुळलेला ओवीचा छंद कोणास जप्त करता आला नाही.

३. दुसरी साक्ष : पंडिता रमाबाई

दुसरी साक्ष अशा स्त्रीची आहे की, जिला पाठांतराचे सामर्थ्य व पाठांतराची पोकळी ही दोन्ही स्वानुभवाने ठाऊक होती. म्हणूनच रामघाटावर आम्हांस पडलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्याइतके अधिकाराने दुसरे कोणी देऊ शकेल असे वाटत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी कुटुंब घेऊन फिरत. देवळात वा घाटावर बसून पुराण वाचणे हीच त्यांची उपजीविका होती. मातोश्री लक्ष्मीबाई पहाटेच्या अंधारात मुलीस जवळ घेऊन संस्कृत शिकवीत. अशा रीतीने सहस्रावधी श्लोक बालवयातच रमाबाईंच्या मुखी बसले. पुढे त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे की, पुराण ऐकणाऱ्या बहुतेकांस त्याचा अर्थ कळत नसे. ऐकल्यानेच पुण्य लागते असा समज होता. १८७४ च्या सुमारास दुष्काळात अनुक्रमे पिता, माता व थोरली बहीण गेली. व्रते, उपवास, दाने, पारायणे सर्व यथासांग झाली होती. भाऊ श्रीनिवास व रमाबाई अर्धपोटी हजारो मैल पायी हिंडले आणि हिंडता हिंडता त्यांची जुनी श्रद्धा गळून पडली.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्याच नगरीत ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्यात त्यांच्या हाती संस्कृत बायबल देण्यात आले. विशेष हे की, संस्कृतात पारंगत असलेल्या या पंडितेस ते बायबल मुळीच भावले नाही. त्याची भाषा व आशय दोन्ही परके वाटून त्यांनी ते बाजूस ठेवले. पुढील चार वर्षांत त्यांच्यावर घाव बसत गेले. मे १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी त्यांचा बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीही निवर्तले. सिलचर येथील त्या अल्पकाळच्या संसारात घरातील पुस्तकांमध्ये त्यांस बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची लहानशी प्रत सापडली. संस्कृतातील संपूर्ण ग्रंथाने जे केले नव्हते ते या साध्या बंगाली पुस्तिकेने केले. त्या ती आवडीने वाचू लागल्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडात गेल्या. पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा तेथील भगिनी करीत असल्याचे त्यांनी पाहिले. यामागील कारण विचारता त्यांस योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. परंतु रमाबाईंनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित करून प्रसिद्ध केला आहे. शास्त्रात स्वतः पाहिल्यावाचून व सद्सद्विवेकबुद्धीस पटल्यावाचून कोणताही सिद्धांत मान्य करावयाचा नाही, हा त्यांचा निर्धार त्या पत्रांतून पानोपानी दिसतो. धर्मभगिनींस यात अहंकार दिसला. आम्हांस यात मननाचा मूळ अर्थ दिसतो. अर्थ न कळता केलेल्या पाठाची किंमत जिने आपल्या माणसांच्या मरणात मोजली होती, ती आता कोणताही पाठ न समजता कसा म्हणणार?

१८८९ मध्ये मुंबईस शारदासदन निघाले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. पुण्यातील वादळ, आप्तस्वकीयांचा रोष, आश्रयदात्यांनी सोडलेली साथ हा इतिहास वाचकांस परिचित आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. ज्या विक्रमाचे नाव उज्जैनशी निगडित आहे, त्याच्या संवताचे ते १९५६ वे वर्ष. म्हणून माळवा, राजपुताना व गुजरात येथील लोकांच्या स्मरणात तो 'छप्पनचा दुष्काळ' म्हणूनच राहिला. या वेळी गुजरातेतून शेकडो मुली केडगाव येथील मुक्तिसदनात आणल्या गेल्या व तेथील संख्या दोन सहस्रांच्या घरात गेली. स्वतः दुष्काळात अनाथ झालेली स्त्री दुष्काळातील अनाथांची माता झाली. पौलाने सांगितलेला धीर तो हाच. स्वतःचे ओझे टाकून न देता तिने दुसऱ्यांचे ओझे उचलले.

याच गर्दीत, विहिरी, शेती, शाळा, छापखाना व हिशेब यांच्या व्यापात, रमाबाईंनी १९०५ च्या सुमारास एक नवे काम हाती घेतले. ते म्हणजे संपूर्ण पवित्र शास्त्राचे मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून मराठी भाषांतर. मराठीत संपूर्ण बायबल १८४७ पासून उपलब्ध होते. परंतु त्याची भाषा शिक्षितांची आहे, मुक्तिसदनातील खेडवळ मुलींना ती दुर्बोध होते, आणि त्यातील कित्येक संस्कृत शब्द वेदांताचा अर्थ सोबत घेऊन येतात, असे त्यांचे मत होते. ज्या स्त्रीने संस्कृत विद्येच्या बळावर कीर्ती मिळविली तिने उतारवयात कुणब्याच्या लेकीस समजेल अशी मराठी लिहिण्याचा अट्टाहास धरला. ऐकण्याची शक्ती इंग्लंडात असल्यापासूनच क्षीण होत गेली होती. कानांनी साथ सोडली असता डोळ्यांनी व लेखणीने त्या वचन ऐकत राहिल्या, असे म्हणता येईल.

भाषांतराचे काम ज्यांनी थोडेही केले असेल त्यांस ठाऊक आहे की, त्यासारखे कठोर मनन दुसरे नाही. साधा वाचक कंटाळवाणा अध्याय ओलांडून जातो. भाषांतरकारास वंशावळीतले एकही नाव गाळता येत नाही. आवडते वचन व बोचणारे वचन यांस तो सारखाच वेळ देतो. एकेक शब्द जिभेवर घोळवावा, टाकावा, पुन्हा घ्यावा, अशी सुमारे सतरा वर्षे रमाबाईंनी घालविली. खिळे जुळविणे, छापणे, पुस्तके बांधणे ही कामे मुक्तिसदनातील मुलीच करीत. दुष्काळाच्या वाटेवरून उचलून आणलेली मुलगी यिर्मयाचे विलाप उलट्या खिळ्यांत जुळवीत बसली आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. इब्री शब्द 'हागा' याचे याहून उत्तम भाष्य आम्हांस ठाऊक नाही.

काम शेवटास येत असता सर्वांत मोठा घाव बसला. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमेचा मृत्यू झाला. रमाबाईंचे कार्य पुढे चालविणारी ती एकुलती कन्या होती. शोकाने भाषांतर थांबले नाही. मुद्रिते तपासण्याचे काम पुरे होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांची प्रार्थना होती, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी सांगून ठेवले आहे. ते काम पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून झाला.

या भाषांतराचे पुढे काय झाले हेही सत्यास धरून सांगितले पाहिजे. मराठी मंडळ्यांनी ते उपासनेत स्वीकारले नाही. त्याची शब्दशः रचना अनेकांस खडबडीत वाटली. जगाच्या मापाने सतरा वर्षांच्या श्रमाचे फळ अल्पच दिसेल. परंतु मननाचे फळ केवळ ग्रंथात मोजावयाचे नसते. ते त्या श्रमाने उभ्या ठेवलेल्या माणसांत मोजावयाचे असते.

४. तिसरी साक्ष : लक्ष्मीबाई टिळक

तिसरी साक्ष वाचकांच्या अधिक परिचयाची आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो.

नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला तो आगगाडीच्या प्रवासात, राजनांदगावच्या वाटेवर, एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाकडून. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन पकडले व १८९५ मध्ये त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र त्या वेळी त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. पाच वर्षांच्या वियोगाचे व अंतर्यामीच्या झगड्याचे दिवस त्यांनी काढले आणि १९०० मध्ये स्वतःच्या निश्चयाने त्या ख्रिस्ती झाल्या. त्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. ओवी मात्र त्यांच्या कानांत बालपणापासून होती.

टिळकांनी ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करण्यास आरंभ केला होता. ९ मे १९१९ रोजी ते वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. पतीचे अपुरे काव्य त्या वेळी पन्नाशीत असलेल्या लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि अध्यायामागून अध्याय रचीत त्याचा फार मोठा भाग स्वतः लिहिला. १९३६ मध्ये त्यांचा अंत झाला व १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राने त्यांस कीर्ती दिली. ख्रिस्तायन त्या मानाने फार थोड्यांनी वाचले. परंतु वैधव्याच्या त्या वर्षांत त्यांचे दिवस कशाने भरले होते हे जाणावयाचे असेल तर ख्रिस्तायनाकडेच जावे लागते. शुभवर्तमानातील एकेक प्रसंग ओवीच्या साडेतीन चरणांत बसविताना तो प्रसंग किती वेळा त्यांच्या मुखातून गेला असेल! स्टीफन्सने तीनशे वर्षांपूर्वी परक्या देशातून येऊन जी वाट पाडली, तिच्यावरून एक मराठी विधवा स्वतःच्या दुःखाचे गाठोडे घेऊन चालत गेली.

५. तिन्ही साक्षींचे तात्पर्य

या तिन्ही साक्षी काळाने, पंथाने व परिस्थितीने एकमेकींपासून दूर आहेत. तरी त्यांतून काही समान गोष्टी निघतात.

पहिली ही की, वचन आपल्या बोलीत उतरले तेव्हाच ते मुखात टिकले. संस्कृत बायबलने रमाबाईंस जिंकले नाही. बंगाली लूकाने त्यांचे मन वळविले. कानडातील बंदिवानांस ओवीने तारले.

दुसरी ही की, धीर अवचित कोणाच्याच पदरी पडला नाही. नकला करणे, ओव्या रचणे, शब्द जुळविणे असा वचनाशी केलेला दीर्घ श्रम प्रत्येकीच्या मुळाशी आहे. संकटसमयी पुस्तक उघडून हाती येईल ते वचन आपणांस लागू करून घेण्याची सवय आमच्या मंडळ्यांतून बरीच दिसते. तिची निंदा आम्ही करीत नाही. बुडणारा मनुष्य काडीही धरतो. परंतु या इतिहासातील माणसे बुडण्यापूर्वीच पोहावयास शिकली होती.

तिसरी गोष्ट विशेष जपून सांगावयाची आहे. मननाने यांपैकी कोणाचेही दुःख टळले नाही. बंदिवास पंधरा वर्षे चाललाच, मनोरमा गेलीच, टिळक परत आले नाहीत. पुण्यफळाची बोली करून वचनाचे पारायण करणे आणि वचनाचे मनन करणे यांतील भेद येथे आहे. पहिल्यात माणूस दुःख हटविण्यासाठी वचन वापरू पाहतो. दुसऱ्यात दुःखाखाली उभ्या राहिलेल्या माणसास वचन सोबत करते. आणि हा भेद धर्माधर्मांमधील नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. रामघाटावरील कोणाच्या ओठांमागे काय चालले आहे हे देवास ठाऊक. आमच्या स्वतःच्या ओठांमागे पुष्कळदा काहीच चाललेले नसते, हे आम्हांस ठाऊक आहे.

चौथी गोष्ट ही की, असा धीर निमूटपणे सोसण्याहून वेगळा आहे. अन्याय सोसणाऱ्या स्त्रीस, उपाशी मजुरास, शास्त्राचा आधार देऊन गप्प बसविणे हा शास्त्राचा अपराध होय. रमाबाईंनी दुष्काळात स्तोत्र म्हटले व बैलगाडीही जोडली. त्यांच्या जीवनात ही दोन्ही एकाच श्वासाची कामे होती.

उज्जैनहून निघण्याच्या आदल्या रात्री त्या घरातील धाकटी नात आजीच्या अंथरुणाशी बसली होती. आजी एक ओळ म्हणे, ती मागून म्हणे. मध्येच ती थांबून एखाद्या मराठी शब्दाचा अर्थ हिंदीत विचारी. आजीस हिंदी शब्द लवकर सुचत नसे. मग दोघी मिळून तो शोधीत. स्तोत्र त्या रात्री पुरे झाले नाही. परंतु ज्याला आम्ही इतका वेळ मनन म्हणत आलो, ते आमच्या डोळ्यांदेखत चालले होते. रमाबाईंनी सतरा वर्षे केले तेच काम त्या दोघी एका शब्दापुरते करीत होत्या. आमच्या अध्यापनमंदिरांतून इब्री व ग्रीक शिकलेल्या सेवकांनी मंडळीत गेल्यावर निदान एवढे तरी करावे. प्रत्येक घरी एक तरी स्तोत्र अर्थासह मुखी बसेल, आणि दृष्टी जाण्यापूर्वी, बंदिवास येण्यापूर्वी, प्रियजन जाण्यापूर्वी ते बसेल, असे पाहावे. धीर देणारा देव तो धीर केव्हा व कसा देईल हे त्याच्या हाती आहे. वचन मुखात ठेवणे हे आमच्या हाती आहे.